जोत्याची उंची

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल, म्हणूनही.

आमचं गाव पनवेलजवळ, ओवे गावाच्या पुढे, खाडीकडे उतरत जाणाऱ्या शेतांत. मी पनवेलला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचो. गावाला वाटायचं, आर्किटेक्ट मीच. मीही कधी दुरुस्त केलं नाही. पण ते खोटं लहान. मोठं पुढे आहे.

आधी दादाचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाचं. नाही तर तुम्हाला वाटेल, मी जन्मतःच असा.

सुनीताशी लग्न केलं तेव्हा दादाने दारात मांडव घातला नाही. परजातीची, म्हणून. ठीक. आम्ही पनवेलला खोली घेतली. आय मात्र मंगळवारी बाजाराला आली की आमच्याकडे यायची, सुनीताच्या हातचं जेवायची आणि जाताना म्हणायची, "दादाला बोलू नको हां." तेही ठीक. पण बा गेला, तेव्हा दादाने मला कळवलं नाही. गाव ते पनवेल, सायकलवर येता येईल एवढं अंतर – कुणाला धाडलं नाही, फोन केला नाही. मला कळलं मासळी बाजारात. गावची ओळखीची कोळीण, कोलंबीचा वाटा माझ्या पिशवीत टाकता टाकता थांबली. म्हणाली, "तू हितं म्हावरा घेतंस? आरं, तुज्या बापाला काल पोचवला ना!"

पिशवी तिथेच ठेवून मी गावाला गेलो. दादा ओटीवर बसला होता. म्हणाला, "तू आला असतास त लोकांनी खांदा दिला नसता. मंग मी काय केला असता?" बास. एवढंच. मी परत फिरलो.

तुम्ही काय केलं असतं? मी काहीच केलं नाही. मला भांडता येत नाही. मी मनात ठेवतो. आणि जे मनात ठेवतो ते नासतं – हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

काही वर्षांनी बरीचशी शेतं सरकारी प्रकल्पात गेली, मोबदला आला. गावात जो तो घर पाडून बंगला बांधायला निघाला. एका दुपारी दादा आमच्या खोलीवर आला. पहिल्यांदा. सुनीताने चहा दिला, तो प्यायला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घर बांधाचा हाय. तूच काढ नकाशा. बाहेरच्यावर माजा भरोसा नाय." बाचं नाव नाही. माफीचा शब्द नाही. वाटलं, चहा प्यायला म्हणजे झालं, फिटलं.

मी हो म्हणालो. हसून म्हणालो. आणि त्या क्षणी, कप उचलताना, मला कळलं होतं की मी हे घर त्याला सुखाने लाभू देणार नाही.

दादाला हवा होता स्लॅब, पुढे सज्जा, लोखंडी ग्रिल, पोपटी रंग. मी त्याला समजावलं. इथल्या पावसाला, इथल्या उन्हाला, या मातीला शोभेल असं बांधू. मंगलोरी कौलं, खूप पुढे आलेली वळचण, पावसाच्या बाजूला पडवी, खिडकीपर्यंत काळा दगड, मागे भात वाळवायला अंगण. शेवग्याचं झाड तोडायचं नाही, भिंतच थोडी वळवायची. खरं सांगू? आयुष्यात त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. ते घर मी मन लावून काढलं. द्वेषाने माणूस किती नीट काम करतो, हे मी स्वतःच्या हातात पाहिलंय.

फक्त जोतं.

जुन्या घराचं जोतं, भिंतींखालचा चौथरा, कंबरेएवढं होतं. उगाच नाही. अमावस्या-पुनवेला खाडीला उधाण येतं. त्यातच वर मोठा पाऊस लागला की शेतातल्या पाण्याला उतरायला वाट राहत नाही – ते मागे फिरतं, गावात शिरतं. बा आम्हा दोघांना जोत्याचा तिसरा दगड दाखवायचा. "हितवर येतं. मंग जातं." दादाने ते ऐकलं होतं, मीही. पण दादा ते विसरला असेल, किंवा शिकलेल्या भावावर त्याचा भरोसा असेल. मी विसरलो नव्हतो.

मी जोतं एका पायरीचं ठेवलं.

पाया भरताना दादा उभा राहून बघत होता. म्हणाला, "जोता जरा खाली नाय वाटत?"

मी म्हणालो, "आयचे गुडघे बघ."

आय तिथेच बसली होती, पालथ्या पाटीवर, पाय पसरून. तिचे गुडघे कामातून गेले होते, जुन्या घराच्या पायऱ्या उतरायला तिला दोघांचा हात लागायचा. ती लगेच म्हणाली, "बरा केलास रं पोरा. आता मी एकटी आंगनान जाईन. कोनाला हाक नको." आणि हसली.

दादा गप्प झाला. तो गप्प होणार हे मला माहीत होतं. आयपुढे तो नेहमीच गप्प होतो.

जोतं उंच ठेवून बाजूने आयसाठी बिनपायऱ्यांचा उतरता रपटा काढता आला असता. मी लोकांना काढून दिलेत. इथे काढला नाही.

घर झालं. पनवेलहून माणसं बघायला आली. आमचे साहेब म्हणाले, "जमिनीतून उगवल्यासारखं दिसतंय." मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "जोतं खाली ठेवलंय ना, म्हणून." दादाची छाती फुगली. सगळ्यांना सांगत होता, "माज्या भावानं काडलाय." मला त्या शब्दांनी लाज वाटायला हवी होती. मजा वाटली.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. मी – हे सांगायला जड जातंय – मी कालनिर्णय उघडून अमावस्या बघायचो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की कान टवकारायचो. सुनीता म्हणायची, "झोपत का नाही?" श्रावण सरला, पाणी आलं नाही, आणि मी हिरमुसलो.

दुसऱ्या वर्षी आलं. भर दुपारी. दादाने आयला पाठीवर घेतलं आणि शेजारच्या हिराजीकाकाच्या ओटीवर नेऊन बसवलं. हिराजीकाकाचं घर जुनंच होतं, जुन्या जोत्याचं. त्याच्या ओटीला पाणी लागलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ. वयनी भांडी धूत होती. दादा खराट्याने गाळ लोटत होता, लुंगी वर खोचून, म्हाताऱ्यासारखा वाकलेला. मी त्याला बघत उभा राहिलो. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

दादा म्हणाला, "ह्यो भराव नडला." नव्या रस्त्याचा भराव घातला होता खालच्या अंगाला. गावात सगळे तेच बोलत होते. भरावाविरुद्ध अर्ज करायचं ठरलं. दादा म्हणाला, "तुजा अक्षर चांगला हाय." अर्ज मी लिहिला. पाच पावलांवर हिराजीकाकाची कोरडी ओटी होती. बघायचं तर कुणालाही दिसलं असतं. कुणी बघितलं नाही, कारण घर मी काढलेलं होतं.

मग दर वर्षी तेच. आषाढ लागला की आयला हिराजीकाकाकडे हलवायचं. परक्याच्या ओटीवर, एका कोपऱ्यात, तिची गोधडी आणि पानाची चंची. ती कुरकुरायची नाही. फक्त मला एकदा म्हणाली, "मना माज्या घरान मरू दे रं. तेवडा बग." मी म्हणालो, "काहीतरी करू." काय करणार होतो?

तुम्ही विचाराल – आयचा विचार आला नव्हता का, जोतं आखताना? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नव्हता. डोळ्यांपुढे फक्त दादा होता, त्याची फजिती होती. पण ते खरं नाही. आला होता. पेन्सिल हातात असताना आला होता. मी तो बाजूला सारला आणि रेघ ओढली. आयला ढाल केलं, आणि ढालीला मार बसतो हे मला माहीत होतं.

ती पावसाळ्यातच गेली. हिराजीकाकाच्या ओटीवर. दादाने स्वतः माझ्या ऑफिसात फोन केला. "आय गेली. तू ये. तवर उचलत नाय."

आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आपल्या उंबऱ्यातून निघावं म्हणून दादाने एकदा तिला उचलायला घेतलंही, पण ठेवणार कुठे? तिरडी परक्याच्या अंगणात बांधली. लोक काही बोलायच्या आत दादाने मला पुढे केलं, पुढचा खांदा मला दिला. वाटेत हळूच म्हणाला, "पान्याला कोन काय करनार. तुजा काय दोस नाय."

मी मान हलवली.

दादावरचा राग गेला का? नाही गेला. मासळी बाजारात अजून मी कोलंबी घेत नाही. त्याने जे केलं ते त्याने केलं. पण आयने माझं काय वाईट केलं होतं?

दादा अजून त्याच घरात राहतो. अजून लोकांना सांगतो, भावाने काढलंय. जोतं मी जाणूनबुजून खाली ठेवलं आणि भरावाने आमची आय बेघर झाली नाही, मी केली – एवढं मी त्याला त्याच्या तोंडावर सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.