आई हसली त्या चिंचेचा सौदा

माझ्या आईचा एकही फोटो नाही, पण ती सिनेमात आहे.

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. नंदुरबारच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला होता. त्यात एक जाडा सावकार म्हशीला भिऊन चिंचेवर चढतो आणि फांदीसकट खालच्या दगडी हौदात पडतो. तंबू हसला, मी ताडकन उभा राहिलो. हौदाशी हसणाऱ्या मजूर बायकांत, पदर तोंडात धरून, माझी आई होती. तिला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. (मागचा म्हणाला, "खाले बस." मग सिनेमा राहिला बाजूला, लोक आमचीच मारामारी बघत बसले.)

तंबू उठला, तो सिनेमा पुन्हा आला नाही. पुढे लग्न झालं. बायको विचारायची, "सासूबाई कश्या दिसेत?" मी मिरचीचा व्यापारी, मिरचीचा भाव डोळे मिटून सांगतो, पण आईचं तोंड काही सांगता येईना. निदान ती हसली ती जागा तरी हिला दाखवावी, असं मनाने घेतलं.

आई मिरच्या तोडायला गावोगाव जायची, त्यामुळे सिनेमा कुठल्या गावात काढला ते ठाऊक नव्हतं. खरेदीला जाईन तिथले हौद बघत सुटलो. एका गावात पाणी भरणाऱ्या बायकांकडे इतका वेळ पाहिलं, की त्यांच्या भावांनी मला शिवेपर्यंत पळवलं. सिनेमावाले हजर असते तर त्यांचा सावकाराचा खर्च वाचला असता.

शेवटी रनाळ्याला एका शेतात ती चिंच सापडली. खोडाचा तोच बाक, मोडक्या फांदीचा तोच खुंट, खाली तोच हौद. बायकोला गाडीत घालून नेलं. झाड जागेसकट विकतच घ्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात शेताचे मालक आबा आले.

"काय देखी ऱ्हायनात, शेट?"

आता, घ्यायच्या मालाला आधी नावं ठेवायची, ही माझी उभ्या जन्माची रीत. तोंड आपोआप सुटलं. "हाई चिंच कसाले ठेवी शे, आबा? पिकवर सावली पाडस. खोड बी पोकळ दिसस. जळणले बरी."

बायको कुजबुजली, "आपीन सासूबाईनी जागा देखाले उनूत, का चिंचले नावं ठेवाले?"

"तुले धंदातलं काय समजस?" मी तिला गप्प केलं. गिऱ्हाइकाने मग आठवडाभर तोंड दाखवायचं नसतं, म्हणजे मालक नरम पडतो. तेही पाळलं.

पुढच्या बाजारी गेलो, तर हौदाशी लाकडांची रास.

"तुमनं आयकं, शेट," आबा खुशीत म्हणाले. "तोडी टाकी. पन खोड काही पोकळ नव्हतं, बरं का."

आबांनी काठीने हौद ठोकला. "हाऊ बी गळस. फोडी टाकू का? तुमले काय वाटस?"

"आबा," मी ओरडलो, "असा हौद उभ्या खानदेशात नही!"

आबा बेरकी. त्यांनी लगेच भाव सांगितला. मी घासाघीस न करता पैसे मोजले.

बायको अजून कधी कधी तिथे जाऊ म्हणते. सासूबाई कुठे उभ्या होत्या, ते मी बोटाने दाखवतो. तिथे आता भर ऊन पडतं. ती पदर डोक्यावर ओढून तिथेच बराच वेळ उभी राहते, मलाही निघवत नाही.

सगळा दोष आबांचा, हे मी आजही सांगतो. पण तालुक्यात दुसऱ्याच्या शेतातला गळका हौद विकत घेणारा व्यापारी मी एकटाच. त्यातलं पाणी आबांच्या म्हशी पितात, आणि मी आलो की मान वर करून बघतात, जणू शेत तर माझं नाहीच, पण हौदही माझा नाही.