कानबाईची जुनी आवृत्ती

दुबार फायली काढून टाकणाऱ्या त्या प्रोग्रॅमवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. तो सांगितलेलं काम करत होता. राग सांगणाऱ्यांवर होता, आणि अजून आहे.

तेव्हा बुऱ्हाणपुरात इंटरनेट आलेलं नव्हतं. होता तो बुलेटिन बोर्ड. म्हणजे माझा कॉम्प्युटर मोडेमने घरच्या टेलिफोनला जोडलेला असे. कुणी खंडव्याहून, कुणी भुसावळहून आपल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर फिरवायचं, दोन्हीकडचे मोडेम एकमेकांवर किंचाळायचे, आणि ते माणूस माझ्या बोर्डावर येऊन निरोप वाचायचं, फायली ठेवायचं, फायली न्यायचं. एका वेळी एकच पाहुणा. बाकीच्यांनी ताटकळायचं.

फोन खरा दादाचा. आई-बाबा गेल्यावर घराचा कर्ता तोच, आणि त्याचा केळीचा व्यापार. सकाळी मंडीतले ट्रक भरून निघेपर्यंत फोनला मी हात लावायचा नाही, दुपारनंतर तो माझा, असा आमचा करार होता. तो करार दादा रोज मोडत असे. कुणीतरी तासभर खपून एखादी फाईल उतरवत आणायचं आणि ऐन शेवटी दादा रिसीव्हर उचलायचा. लाइन तुटली की वर मलाच ओरडायचा, “ए, तुझी ती चिचुंद्री बंद कर! दिल्लीवाल्याचा फोन यायचा है!” मी पण गप्प बसणारी नव्हते. दिल्लीवाला केळी खातो की रिसीव्हर खातो, असं मी एकदा विचारलं तेव्हा वहिनी पदरात तोंड लपवून हसली होती.

बोर्डाचा नियम असा की एक फाईल द्या, तीन घ्या. नियम कुणी केला ठाऊक नाही, पण आमच्या लोकांनी त्याची पार वाट लावली. एकच पत्त्यांचा खेळ नाव बदलून चारदा द्यायचा आणि त्याच्या जिवावर डझनभर फायली उचलायच्या. पॉवरलूमवाल्या एका शेठचा मुलगा यात उस्ताद. तोच सापशिडीचा खेळ त्याने दिवाळीला एका नावाने दिला आणि होळीला दुसऱ्या. माझी डिस्क एवढीशी, ती असल्या दुबार मालाने फुगून गेली. नवीन काही ठेवायला जागाच उरेना.

त्याच वर्षी आमचा बोर्ड पुण्याच्या जाळ्यात सामील झाला. गावोगावचे सुटे बोर्ड एकमेकांना जोडण्याचे ते दिवस होते. रविवारी सकाळी मंडी बंद आणि एसटीडी, म्हणजे परगावचा फोन, स्वस्त असे, तेव्हा माझा कॉम्प्युटर पुण्याला फोन लावायचा आणि तिकडचे निरोप इकडे, इकडच्या फायली तिकडे अशी देवाणघेवाण व्हायची. पुण्याचा मुख्य बोर्ड एक निवृत्त गृहस्थ चालवत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचे. त्यांनीच तो दुबार फायली शोधणारा प्रोग्रॅम पाठवला आणि सोबत फर्मान: देवाणघेवाणीच्या आधी प्रत्येक बोर्डाने तो चालवलाच पाहिजे.

पहिल्यांदा चालवला तेव्हा मला फार मजा आली. पडद्यावर एकेक नाव वर सरकत होतं आणि शेठच्या मुलाच्या सापशिड्या एकामागून एक उडत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. प्रोग्रॅम हुशार होता. आतला मजकूर सारखा असेल तर फाईल ओळखायचाच, पण नाव सारखं आणि शेवटचा आकडा वेगळा असेल तरी ओळखायचा. खेळांच्या, प्रोग्रॅमांच्या नव्या आवृत्त्या निघत, त्यांचा आकडा वाढत जाई, म्हणून हा मोठा आकडा ठेवायचा आणि लहान आकडे जुनी आवृत्ती म्हणून पुसून टाकायचा.

टाळ्या वाजवता वाजवता पडद्यावरून एक ओळ गेली: कानबाई एक, जुनी आवृत्ती, काढली. तिच्यामागून कानबाई दोन, जुनी आवृत्ती, काढली.

माझे हात तसेच राहिले.

कानबाई ही आमच्या खानदेशाकडची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला मुखवटा, नथ, दागिने घालून तिला बसवतात, बाया गाणी म्हणतात, दुसऱ्या दिवशी तापीवर नेऊन बोळवतात. गाणी प्रत्येक घराची थोडी थोडी वेगळी. चाल तीच, देवी तीच, पण तिला न्यायला कोण येतं, तिच्यापुढे कोण नाचतं, ते ज्याच्या त्याच्या घरचं. बोर्डावरच्या मराठी विभागात ठेवायला म्हणून मी ती उतरवून घेत होते. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची, वाचणाऱ्याने आपापल्या अकलेने वाचायचं. पहिलं गाणं आत्याने सांगितलं म्हणून ते कानबाई एक. दुसरं आमच्या गल्लीतलं, ते दोन. तिसरं चांदनी गावच्या काकूंचं, ते तीन. माणूस जसा भेटला तसा आकडा दिला. आकडा बघून कुणी सुरी काढेल हे माझ्या डोक्यात कुठून यावं?

आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला परत पाठवलं. का, ते घरात कधी कुणी नीट सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते मला पटलं नाही. आजोबांनी तिला तुकईथड गावच्या आमच्या शेतावर ठेवलं. ती तिथेच राहिली. केळी लावली, कापूस वेचला, गडी सांभाळले, आमच्या घराचं अर्धं धान्य तिच्या हातचं. बसने यायची तर केळीचा घड मांडीवर घेऊन बसायची, कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं की त्याच्याशी भांडायची. कानबाईला मात्र तिचा आवाज लागायचाच. तिच्याशिवाय गल्लीतल्या बायांना सूरच सापडत नसे.

तिच्या गाण्याला शेवटी एक कडवं जास्तीचं होतं. बाकीच्या घरी लेक येते, सून येते, नणंद येते आणि देवीला मिरवत नेतात. आत्याच्या गाण्यात या सगळ्या येऊन गेल्यावर आणखी एक येते, परत आलेली. तिला बोलवायला कुणी गेलेलं नसतं. देवीच तिला म्हणते, तू माझा पदर धर. ते कडवं आत्याने स्वतः जोडलेलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ते सुरू झालं की बाया हळू व्हायच्या आणि आत्या एकटीच मोठ्याने म्हणायची.

आणि प्रोग्रॅमने ठेवलं चांदनीचं. काकूंचं गाणं गोड आहे, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण त्यात परत आलेली कुणी नाही.

माझ्याकडे फ्लॉपीवर प्रती होत्या. मी दोन्ही फायली परत टाकल्या आणि सरांना लिहिलं की ही तीन वेगळी गाणी आहेत, आवृत्त्या नाहीत, मी नावं बदलते, पण तिन्ही राहू द्या. पुढच्या रविवारी त्यांचं उत्तर आलं. भाषा अगदी सभ्य.

“ताई, आपला उत्साह कौतुकास्पद आहे. मात्र गीत मूलतः एकच आहे. तिसरी प्रत सर्वांत नीटनेटकी असल्याने तीच ठेवावी. पहिल्या प्रतीतील अखेरचे कडवे कोणीतरी मागाहून घुसडलेले दिसते. एकाच गोष्टीसाठी प्रत्येक बोर्डाने तिप्पट जागा का अडवावी? नियम सर्वांना सारखा. अन्यथा आपला बोर्ड जाळ्यातून वगळावा लागेल.”

घुसडलेलं! मी ते वाचून खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला लागली. हो, घुसडलंच आहे. घुसल्याशिवाय तिला जागा दिली असती कुणी? आणि जागेचं मला सांगतात! तिन्ही गाणी मिळून त्या सापशिडीच्या एका सापाएवढीसुद्धा नव्हती.

कानबाईच्या आधी दोन-तीन दिवस आत्या आली. घड ओसरीवर ठेवला, पाणी प्यायली, आणि मी तिच्यापुढे सगळं ओकले. म्हटलं, “आत्या, मशीनने तुला काढून टाकलं. जुनी आवृत्ती म्हणून. आणि पुण्याचे सर म्हणतात मशीन बरोबर आहे.”

आत्या गव्हातले खडे निवडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, “मशीनले काय बोल लावतं, पोरी? मानसायनं काढलं तवा कोन बोललं?”

वहिनी तिथेच होती. तिने सूप खाली ठेवलं. मी गव्हांकडे बघितलं आणि मला त्या गव्हांचाच राग आला.

कारण ते गहू रोटाचे होते. कानबाईचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, घरातलेच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. त्यासाठी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एकेक मूठ गहू मोजून घेतात आणि तेच दळतात. तान्ह्या मुलाचीसुद्धा मूठ पडते. लग्न होऊन गेलेल्या लेकीची पडत नाही, ती सासरच्या रोटात. आत्याची सासरी पडत नव्हती आणि आमच्याकडेही पडत नव्हती. आजोबांनी घातली नाही, म्हणून बाबांनी घातली नाही, म्हणून दादा घालत नव्हता. तिनेच पिकवलेले गहू ती निवडायची, तिनेच दळून आणायची, आणि सगळे रोट खायला बसले की तिच्यासाठी वहिनी वेगळ्या पोळ्या लाटायची. माझं वय झालं होतं सत्तावीस आणि मी दरवर्षी तो रोट खाल्ला होता.

त्या रात्री मी सरांना निरोप लिहून ठेवला: तिन्ही गाणी राहतील, बोर्ड वगळायचा असेल तर वगळा. एवढंच. ‘आपली नम्र’ वगैरे काही घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आंघोळ करून पाटावर बसला. पुढे परात, बाजूला गव्हाचं टोपलं. तो नाव घ्यायचा आणि मूठ टाकायचा. स्वतःची, वहिनीची, मुलांची. मग माझं नाव घेऊन मूठ उचलली.

मी म्हटलं, “दादा, ही आत्याची.”

“क्या बात करतं? ही तुझी.”

“माझी आत्याच्या नावाने टाक. मला काढ.”

“तुले कसं काढू? तू या घरची आहे.”

“ती कुठल्या घरची आहे ते सांग, मग टाक.”

त्याची मूठ तशीच हवेत. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला, दिल्लीवाला असणार. दादाने उठायला गुडघा टेकला तर वहिनी म्हणाली, “वाजू द्या. आधी हे करा.” वहिनीने दादाला काही करायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. फोन बराच वेळ वाजला आणि थांबला.

दादा आत्याकडे बघत होता. ती दाराशी बसलेली. तो म्हणाला, “आत्या, आजोबायनं नही घातली कधी. रीत है ना. मी कसा बदलू?”

आत्या म्हणाली, “मी मांगली का रे बाबा? मी नही मांगत.”

“ती मागणार नाही,” मी म्हटलं. “मी मागतेय. दोन मुठी टाक, नाहीतर एकही नको. या वर्षी तिच्यासोबत मीही वेगळी पोळी खाईन.”

दादा अडाणी नव्हता आणि वाईटही नव्हता. त्याला फक्त कुणी कधी अडवलं नव्हतं. त्याने आधी माझी मूठ टाकली. मग टोपल्यात हात घातला, तिचं नाव घेतलं, आणि दुसरी टाकली. तिचं पाळण्यातलं नाव त्याच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नुसतं आत्याच म्हणायचो आम्ही. आत्या उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी तर आधीच घासलेली होती.

रविवारी कानबाई बसली. त्याच सकाळी माझ्या कॉम्प्युटरने पुण्याला फोन लावला, माझा निरोप गेला, आणि तिकडून दोन ओळी आल्या: आपला बोर्ड वगळण्यात आला आहे, शुभेच्छा. मी मोडेम बंद केला आणि रोट खायला गेले. आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिने पहिला घास तोडला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. पण रडू आलंच, आणि ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी गाणी झाली. लेक आली, सून आली, नणंद आली. बाया सवयीने हळू झाल्या, आता आत्या एकटीच उचलणार म्हणून. आत्याने गाणं तिथेच संपवलं आणि कुंकवाची कोयरी पुढे सरकवली.

सोमवारी तापीवरून परत येताना मी तिला विचारलं, “ते कडवं का नाही म्हटलंस?”

“आता मले काय करनं त्याचं?” ती म्हणाली. “मी आली ना घरी.”

थोडं चालून गेल्यावर ती थांबली. म्हणाली, “तुह्या मशीनमधून नको काढू पन. कोनाले तरी लागीन.”

मी काढलं नाही. बोर्ड पुढे वर्षभर एकटाच चालला, कुठल्याही जाळ्याशिवाय, दादाच्या शिव्या खात. दुबार शोधणारा तो प्रोग्रॅम मीही चालवत राहिले, सापशिड्या येतच होत्या. फक्त तिन्ही गाण्यांची नावं बदलून टाकली. आकडे काढले आणि गावांची नावं दिली. पहिली फाईल होती तुकईथड.