समुद्र नसलेल्या गावातलं मासळीचं ऑफिस

सरकारी ऑफिसात एवढे किस्से साठतात कसे, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, भीतीमुळे! निवांत गेलेल्या दिवसाचा किस्सा होत नाही. ज्या दिवशी फोनची घंटा वाजली की उचलायचा धीर होत नाही, तो दिवस मनात रुतून बसतो. हसू येतं ते फार नंतर, आणि तेही सगळ्यांचं नाही.

मी बेळगावची. लग्न होऊन बंगळुरात राजाजीनगरला आले, परीक्षा दिली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी आणि किनारपट्टीचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात फोनसमोर बसले. घरची मराठी, शाळेतलं कन्नड आणि कोकणी समजण्यापुरती. कारवारकडून फोन आला की तिन्ही लागायच्या, म्हणून ती खुर्ची माझी झाली, आणि मी सगळ्यांची अक्का.

बंगळुरात समुद्र नाही. तो रात्रीच्या बसनं गाठावा लागतो. पण बोटी कधी बाहेर काढायच्या, कधी नाही, हे ठरायचं आमच्याकडे. तिथलं वादळ आमच्या टेबलावर फॅक्सनं यायचं आणि आम्ही पंख्याखाली बसून घाबरायचो.

* * *

आमचे साहेब रामय्या सर तुमकूरकडचे. शुद्ध शाकाहारी. आयुष्य रेशीम खात्यात काढलेलं, आणि अचानक बदली होऊन ते आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी म्हणाले, "आधी रेशमाचे किडे होते, आता मासे. दोन्ही उकळत्या पाण्यात घालतात, एवढीच माझी माहिती!"

त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. महिन्याभरात कारवारचा दौरा निघाला. बरोबर फर्नांडिस, आमचे टेक्निकल ऑफिसर. ते होन्नावरचे, मासेमाऱ्याच्या घरातले. सर हातात बूट धरून वाळूत उभे राहिले. लाटा येतायत, जातायत. सर बघतच राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "फर्नांडिस, हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा असंच चालू असतं?"

"हो सर," फर्नांडिस म्हणाले. "ह्याला कॅज्युअल लीव्ह नाही."

फर्नांडिसनी हे हसत हसत सांगितलं, पण सर हसले नव्हते. परत आल्यापासून त्यांची झोप गेली. आपण रविवारी घरी बसलेलो असतो तेव्हा तिकडे ते चालूच असतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

* * *

नव्वदचं दशक सरत आलं तशी पुण्या-मुंबईची मराठी मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी बंगळुरात यायला लागली. एकदा पावसाळ्यात कारवारच्या निरोपाची वाट बघत मी जीव मुठीत धरून बसले होते. फोन वाजला. झडप घालून उचलला.

"हॅलो, फिशरीज का? बांगडा आहे?"

मला वाटलं, बांगडा नावाच्या माणसाला काही झालं! "कोण बांगडा? कुठल्या बोटीवरचा?"

मग शुद्ध मुंबईच्या मराठीत, "मॅडम, बांगडा. मासा. डिरेक्टरीत तुमचा नंबर मिळाला. महिनाभर सांबार खातोय हो मी!"

"अहो, हे सरकारी ऑफिस आहे!"

"अरे वा! मग सरकारी दरात असेल ना?"

* * *

विधानसभेत कुणीतरी प्रश्न टाकला की आपल्या समुद्रात एकूण मासे किती, आणि ते कमी का होत आहेत?

प्रश्नाच्या दुसऱ्या भागानं खरं म्हणजे सगळेच हादरलो होतो. मासळी कमी होत होती, हे बंदरावरच्या टोपल्या बघून कुणीही सांगितलं असतं. मोठे ट्रॉलर बारीक जाळी लावत होते, पिल्लंसुद्धा ओढून आणत होते. पण लेखी उत्तर म्हणजे आकडा पाहिजे! रामय्या सर खुर्चीत बसले की उठत, उठले की बसत. "चुकीचं उत्तर गेलं तर सभागृहाची दिशाभूल होते, अक्का. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत माझी."

त्यांनी फर्नांडिसना बोलावून विचारलं, "निदान अंदाज तरी द्या. मोजणी का होत नाही?"

फर्नांडिस सरळ उभे राहून म्हणाले, "सर, प्रयत्न करतो आम्ही. पण ते हलतात!"

सरांनी डोळे मिटून घेतले. उत्तर गेलं ते असं: "माहिती गोळा करण्यात येत आहे." फर्नांडिस म्हणाले, खोटं तर नाही!

* * *

पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ट्रॉलरना बंदी असते. बंदीची तारीख जवळ आली की आमच्या ऑफिसात ताप चढायचा. ट्रॉलरवाल्यांना बंदी कमी दिवसांची हवी, लहान होडीवाल्यांना जास्त दिवसांची. त्या वर्षी किनाऱ्यावर जाळी जाळण्यापर्यंत मजल गेली होती. आणि आमच्या हातून दोन्ही शिष्टमंडळांना एकाच दिवशी वेळ दिली गेली!

कॉरिडॉरच्या एका भिंतीला हे, दुसऱ्या भिंतीला ते. आधी कुजबुज, मग टोमणे, मग आरडाओरडा. सर केबिनच्या दारातून म्हणाले, "अक्का, पोलिसांना फोन लावा!"

"काय सांगू सर?"

"सांगा, समुद्र ऑफिसात शिरलाय!"

सगळ्यात पुढे दोघे समोरासमोर भिडले होते. ट्रॉलरवाला मंजुनाथ आणि होडीवाला गणपती. नंतर कळलं, ते सख्खे भाऊ. एकाच बसनं आले होते, पण वर्षभर बोलणं बंद होतं.

"तुम्ही आमच्या पोरांच्या ताटातलं ओढून नेता!" गणपती ओरडला.

"मग काय बँकेला हप्त्यात वाळू देऊ?" मंजुनाथ गरजला. ओरडता ओरडता त्याचा चेहरा लालबुंद झाला, त्यानं भिंतीला हात टेकला. गणपतीनं एकदम खिशात हात घातला. आता हा चाकू काढतो की काय, असं मला वाटलं. मी रिसीव्हर घट्ट धरला.

गणपतीनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"बीपीची घेतलीस का सकाळी?"

"...विसरलो."

"आईला माहीतच होतं. म्हणून माझ्याकडे दिली तिनं. अक्का, स्वल्प पाणी द्या."

मी पाणी दिलं. मंजुनाथनं गोळी गिळली. गणपतीनं त्याचा श्वास सरळ होईपर्यंत वाट बघितली. ग्लास माझ्या हातात परत दिला, मिशी पुसली आणि म्हणाला, "हां. आता बोल, चोरा!"

* * *

एका सकाळी मुनियम्मा नावाची बाई टोपली घेऊन थेट वर आली. बंगळुराच्या वेशीवरच्या बेळ्ळंदूरची. तेव्हा तिथे शेतं होती, गाव होतं आणि मोठं तळं. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या त्या तळ्यात जाळं टाकत आले होते. टोपलीवरचं ओलं पोतं तिनं काढलं आणि अख्खा मजला नाकाला पदर लावून पळाला. आत मेलेले मासे. पहाटे तळ्यावर बघावं तिकडे पांढरी पोटं वर करून तरंगत होते म्हणे.

सर दारात आले. रुमालातून म्हणाले, "अम्मा, आमच्याकडे फक्त समुद्र. तळी वरच्या मजल्यावर."

ती वर गेली. वरच्यांनी सांगितलं, मासे पाण्यानं मेले, पाणी आमच्याकडे नाही. पाणीवाल्यांकडे फोन केला तर ते म्हणाले, पाणी चांगलंच आहे, त्यात गटार सोडलंय ते बघणारे वेगळे. ती पुन्हा खाली आली, टोपली तशीच डोक्यावर. सरांच्या समोर उभी राहिली.

"मासे एकाचे, पाणी दुसऱ्याचं, घाण तिसऱ्याची. मग हा वास कुणाचा, सामी?"

सरांनी रुमाल खिशात ठेवला. कांदासुद्धा न खाणारा तो माणूस पुढे झाला आणि त्यानं टोपलीची एक कडी धरली. दुसरी कडी तिनं धरली. दोघं जिना उतरले. ड्रायव्हर नागराज कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, मागच्या सीटवर?" सर म्हणाले, "मागच्या सीटवर. आणि काचा खाली कर."

गटारं बघणाऱ्या त्या ऑफिसात जाऊन सरांनी टोपली तिथल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्याच दिवशी पाण्याचे नमुने घ्यायला माणसं गेली. तिसऱ्या दिवशी सरांना मेमो आला की सरकारी टेबलावर मासळी ठेवल्याबद्दल खुलासा करावा. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं: "ती मासळी नव्हती, पुरावा होता."

पुढे काय झालं म्हणाल, तर तळं सुधारलं नाही. मुनियम्माचा मुलगा होसकोटेला कारखान्यात लागला, जाळी घराच्या माळ्यावर गेली. पण वर्षभरानं ती पुन्हा आली. हातात पाण्याची बादली, त्यात होसकोटेच्या तळ्यातला एक मासा. सरांसाठी.

सरांनी वाकून बघितलं. "जिवंत आहे ना?"

"आहे की!"

"मग सरी, चालेल," सर म्हणाले, आणि बादली दोन्ही हातांनी घेतली. बिचारा मासा दिवसभर त्यांच्या केबिनमध्ये पोहत होता. संध्याकाळी नागराजनं विचारलं, "सर, मी घरी नेऊ?" सर म्हणाले, "ने. पण मला काही सांगू नकोस."

* * *

आता हा शेवटचा. दसरा होऊन गेला होता. सकाळी फॅक्स आला: समुद्रात वादळ आहे, बोटी बाहेर नेऊ नका. पण ज्या आधीच गेल्या होत्या, त्यांना कोण सांगणार? बोटीवर ट्रान्झिस्टर असला तर असला.

संध्याकाळपर्यंत एकेक करत बोटी परतल्या. एक राहिली. सागरलक्ष्मी, अंकोल्याजवळच्या एका गावची. तिचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा मुख्य माणूस, वसंत. तिकडच्या ऑफिसचे फोन वादळानं बंद पडले होते. हायवेवरचा एक एसटीडी बूथ तेवढा चालू होता. तिथून वसंताच्या बायकोनं थेट बंगळूरला फोन लावला.

"मी सुशीला. सागरलक्ष्मीचं काही कळलं?"

"अजून नाही हो."

"बरं." बस, एवढंच. ना रडणं, ना आरडाओरडा. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा "बरं." तिनं एकदा तरी रडावं असं मला वाटायचं. एकदा तर म्हणाली, "काही नाही, अक्का. लाईन चालू आहे का बघितलं."

दुसऱ्या दिवशी एका बंदरातून निरोप आला, सागरलक्ष्मी लागली! गावात फटाके वाजले. दुपारी उलगडा झाला, ती दुसरीच सागरलक्ष्मी, दुसऱ्याच जिल्ह्यातली. देवीचं नाव सगळ्यांनाच आवडतं! तिला हे कसं सांगायचं, या विचारात मी होते, तोवर तिचाच फोन आला.

"ती आमची नव्हती."

"हो. कळलं मला."

"साखर वाटून झाली होती, अक्का."

रामय्या सर माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले होते. त्यांचा डबा तसाच बंद. फर्नांडिस खिडकीपाशी उभे, हातात जपमाळ. फोन वाजला की तिघंही दचकायचो आणि उचलायला कुणीच पुढे व्हायचं नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी मालवणच्या बाजूच्या एका बंदरातून फोन आला. आधी सरांनी घेतला, पलीकडचा माणूस मराठीत बोलत होता, सरांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"मॅडम, एक बोट वाहत आलीय इथं. कर्नाटकची. माणसं सगळी आहेत."

"तांडेलाला द्या. आधी तांडेलाला द्या!"

खरखर झाली. मग एक घोगरा आवाज, "हॅलो. वसंत बोलतो. इंजिन गेलं. जाळं गेलं."

"तुम्ही बरे आहात ना?"

"इंजिन गेलं म्हणतोय ना!"

"घरी काय सांगू?"

"सांगा, जाळं गेलं." आणि लाईन कटली.

मी दोघांना खुणेनंच सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि तो पुसतच बसले. रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच घंटा वाजली. सुशीला.

"सापडले! मालवणकडे लागली बोट. सगळे सुखरूप आहेत."

मला वाटलं, आता तरी ती रडेल.

"नक्की आमचीच?" ती म्हणाली. "की पुन्हा दुसरी?"

"तुमचीच हो! मी स्वतः बोलले त्यांच्याशी. नाव सांगितलं त्यांनी."

"वसंत नावाचे पुष्कळ आहेत, अक्का. काय म्हणाला?"

"इंजिन गेलं, जाळं गेलं, असं म्हणाले."

"ते कुणीही म्हणेल." तिचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. "माझं काही विचारलं त्यानं?"

आता काय सांगायचं? मी सरांकडे बघितलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी ते मान डोलावत होते.

"विचारलं ना!" मी म्हणाले. "आधी तुमचंच विचारलं. सुशीला कशी आहे म्हणाले."



"अक्का, खरं सांगा. माझ्या गळ्याची शपथ. विचारलं?"

माझा धीर सुटला. "नाही हो. नाही विचारलं."

"नाही ना?" सुशीला म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हमसून हमसून रडायला लागली. "मग तोच आहे! तोच आहे तो!"