सरक सर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चार बरे शब्द बोलायचे, तर मला तीन उसने आणावे लागतील. चौथा खरा आहे: हात सोन्याचा. तळहाताएवढ्या बाळालाही भाऊजी अशी भूल देतात, की ते आईच्या कुशीत झोपावं तसं झोपतं. पण मीही जिथे भूल देते त्या आमच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात त्यांना पगार मिळतो तो रेसिडेंट डॉक्टरांना हे काम शिकवण्याचा, आणि शिकवण्याच्या नावाने सगळा आनंदीआनंद.

त्यांची पद्धत अशी. रेसिडेंटने मुलाच्या तोंडावर मास्क धरायचा, जबडा वर उचलायचा. शेजारी मॉनिटर टुकटुकत असतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्याचा सूर खाली येतो. सूर जरासा उतरला रे उतरला, की मागून आवाज येतो, "सरक!" भाऊजी खांदा घालून पुढे घुसतात, मास्क हिसकावतात, आणि सूर पुन्हा जागेवर. मग व्याख्यान. पोरं त्यांना 'सरक सर' म्हणतात. हे त्यांच्या कानावर आलंय, आणि कहर म्हणजे त्यांना ते आवडतं! जेवताना घरी सांगतात, "मी नसतो तर आज एक पोर गेलं असतं." माझी बहीण त्यांना आणखी भाजी वाढते.

मी एकदा म्हटलं होतं, "भाऊजी, पोहायला शिकवायचं तर थोडं पाणी नाकातोंडात जाऊ द्यावं लागतं."

"अगं, इथे पाणी पेशंटच्या नाकात जातं!"

वाक्य बिनतोड. बिनतोड वाक्यांचीच तर हौस त्यांना. जरा दम धरावा, शेजारी उभं राहून "जबडा आणखी उचल" एवढंच सांगावं, पोरांच्या बोटांना आपलं आपण कळू द्यावं, यात टाळ्या कुठे मिळतात?

मग त्यांच्याच नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. घरच्या मुलाला घरच्याच डॉक्टरने भूल द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीत. भल्याभल्यांचे हात कापतात. थिएटर त्या दिवशी माझ्याकडे होतं, पण मी तरी त्याची मावसआजीच. तेव्हा मास्क रेसिडेंटने धरायचा, मी बघायचं, असं ठरलं. रेसिडेंट भाऊजींनी स्वतः निवडला, शेवटच्या वर्षाचा. "हा माझा हिरा," असं त्यांनी माझ्या भाचीला, म्हणजे पोराच्या आईला, छाती फुगवून सांगितलं. हा हिरा महिन्याभरात पास होऊन एका लहान हॉस्पिटलात जाणार होता. तिथे भूल देणारा तो एकटाच.

मास्कमधली भूल हुंगत पोर आईच्या मांडीवर झोपलं, मग त्याला टेबलावर घेतलं. भाची बाहेर गेली, भाऊजी बाहेरच्या बाकावर होतेच. हिऱ्याने मास्क बरा धरला होता. मी सलाईनची सुई लावत होते. सुई लागताच पोराने आचका दिला आणि त्याचा घसा आतून आवळला. मास्कला जोडलेली हवेची पिशवी हिऱ्याने दाबली तरी हवा आत जाईना. मॉनिटरचा सूर उतरायला लागला.

आणि हिरा सरकला. मास्क सोडून डावीकडे एक पाऊल, दोन्ही हात छातीशी, अगदी शिस्तीत. मग त्याने मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"हात ठेव!" मी ओरडले. "मागे कोणी नाहीये!"

तो हलेना. पोराचे ओठ निळे पडत होते. मी टेबलाला वळसा घालून गेले, त्याचे हात धरून मास्कवर आणले आणि त्याच्या बोटांवर माझी बोटं दाबली. "जबडा उचल. आणखी. पिशवी दाबून धर, सोडू नकोस." थोड्या वेळाने घसा सुटला, हवा आत गेली, सूर चढायला लागला. पोराला काही झालं नाही. मला मात्र भाऊजींचा असा संताप आला होता की काही विचारू नका.

ऑपरेशन झाल्यावर पोर आईच्या कुशीत किरकिरत होतं. तिथेच मी भाऊजींना तिच्यासमोर सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. "तुमच्या हिऱ्याने तुम्ही शिकवलंत तेच केलं, भाऊजी. सरकला."

वाटलं, आता तरी मान खाली जाईल. कसली जातेय!

"म्हणूनच सांगतो, या पोरांच्या हाती काही देऊ नये!"

नाचता येईना अंगण वाकडं, तसं यांना शिकवता येईना आणि शिष्य वाकडे.

रेसिडेंट दारातच उभा होता. चेहरा पांढराफटक, पण आवाज स्पष्ट. "सर, मला इतक्यात पास करू नका. तिथे मी एकटाच असेन. मला येत नाही."

भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लोकांसमोर त्यांचं मन फार मोठं असतं. "वेडा आहेस का? तिथे तुझ्या हाताखालून पन्नासेक पोरं गेली की येईल आपोआप."

"कुणाची पोरं, बाबा?" भाचीने विचारलं.