तिसऱ्यांदा चूल मोडली, मग नगर गाठलं

नगरला जायचं ठरलं ते चूल तिसऱ्यांदा मोडली त्या दिवशी. एकाहत्तर साल असावं. आम्ही घोडेगावजवळ मळ्यात राहायचो. आता सावेडीत बसून मोबाईलवर एका बोटाने हे लिहितेय, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी सुमी आठ वर्षांची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. डोळे उघडे, पापण्या जराशा फडफडणार. हाक मारा, चिमटा काढा, कशाचाच पत्ता नाही. दहा मोजेपर्यंत हे असं, आणि मग काही झालंच नाही अशी पुढे सुरू. दिवसातून कितीतरी वेळा! मास्तर म्हणाले, पोरीचं ध्यान नाही, घरीच बसवा. सासूबाईंनी कांदा हुंगवून पाहिला, दृष्ट काढली. मग त्यांच्या लक्षात आलं की फुंकणी घेऊन चूल पेटवायला बसली की पोरगी हमखास अशी होते. झालं, दोष चुलीचा ठरला! चूल मोडून दुसऱ्या कोपऱ्यात मांडली. पुन्हा तेच. मग चुलीचं तोंड फिरवलं. मग अंगणात नेली. चिखल कालवून कालवून माझे हात भरून आले.

"आता शाळा बी नको आन् चूल बी नको. बसू दे घरात," सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मी सातवी शिकलेली, आणि माझ्या लेकीची शाळा दुसरीत संपणार? "आत्याबाई, मी तिला नगरला डॉक्टरांना दाखवणार," मी म्हणाले. ह्यांनी मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "मग मी बी येनार."

आता रस्त्याचं सांगते. आज तुम्ही गाणी ऐकत तासाभरात नगरला पोचता. तेव्हा एसटीचा काही नेम नसायचा. त्यात आमच्या नशिबी जनावरांच्या बाजाराचा दिवस. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. तिकीट किती पडलं ते आठवत नाही, सुमीचं अर्धं होतं एवढं आठवतं. शेजारी एक व्यापारी बसला होता. त्याने विचारलं, "पोरीला काय झालंय, आजी?"

"काय न्हाई झालं. नगर बघाया चाललीय," सासूबाईंनी त्याला उडवून लावलं आणि माझ्या कानाशी लागल्या, "उद्या लगीन करायचंय तिचं. गावभर बोभाटा नको."

पांढरीपुलानंतर इमामपूरचा घाट लागला. गाडी कण्हत कण्हत चढत होती आणि सुमी खिडकीला नाक लावून खुशीत बसली होती. जेऊरला पेरू घेतले. पेरू खाता खाता तिचा हात तोंडाजवळ थांबला. मी मनातल्या मनात मोजलं. नऊ झाले आणि ती म्हणाली, "ह्यात बिया लई हायत." मला हसूच आलं.

नगरच्या स्टँडवरून टांगा केला. लहान मुलांचे डॉक्टर एका बोळात बसत. बाहेर बाकावर आयांची ही गर्दी. कोणी तसे जाणार असाल तर भाकरी बरोबर बांधून न्या. आमची ठेचा-भाकरी तिथेच संपली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चुलीचं सांगताना मी आवाज खाली आणला, पण ते हसले नाहीत. उलट पुढे सरसावून त्यांनी विचारलं, "फुंकताना होतं म्हणता?" त्यांनी कागदाची पट्टी फाडून सुमीच्या तोंडासमोर धरली. "बाळ, मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहा. मोठमोठ्या फुंकरा."

सुमी फुंकत राहिली. कागद फडफडत होता. एक मिनिट गेलं, दुसरं संपत आलं, आणि कागद एकदम थांबला. सुमीचे डोळे समोर लागलेले, पापण्या फडफडताहेत. डॉक्टर शांतपणे घड्याळ बघत होते.

सासूबाईंनी खोलीचे चारही कोपरे न्याहाळले. "हितं तर चूल न्हाई," त्या म्हणाल्या.

"चुलीचा दोष नाही, आजी. भराभर श्वास घेतला की हे येतं," डॉक्टर म्हणाले. "हीसुद्धा फिटच. फिट म्हणजे पडणं आणि फेस येणं एवढंच नसतं. हा प्रकार लहान मुलांत बऱ्याचदा दिसतो. पोर हुशार आहे, फक्त तेवढे क्षण ती इथे नसते." औषध रोज द्यायचं, मनाने बंद करायचं नाही. विहिरीवर आणि विस्तवापाशी एकटीला सोडायचं नाही. पुढे पुण्याला डोक्याचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यायचा. "मोठी होईल तसं बहुतेकांचं जातं. हिचं जाईलच असा शब्द देत नाही, पण आशा भरपूर आहे. आणि शाळा? शाळेत तर पाठवायचीच!"

त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला निघाले होते. बाहेर आल्यावर समोरच्या हॉटेलात सासूबाईंनी स्वतःच गरम भजी मागवली. "तीन चुली मोडल्या मी. यडी म्हातारी!" म्हणत त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. असं जेवण मी पुन्हा कुठल्याच हॉटेलात जेवले नाही.

औषध पुण्याहून मागवावं लागायचं, कधी उशीर व्हायचा. पण झटके कमी होत गेले, सुमी न्हाती-धुती झाली तोवर थांबले आणि पुढे औषधही डॉक्टरांनीच हळूहळू सोडवलं. मास्तरांना समजवायला सासूबाई स्वतः शाळेत गेल्या होत्या.

नगरहून परतलो त्या संध्याकाळी मात्र मला राहवलं नाही. लक्ष देत नाहीस म्हणून मीही तिला कितीदा मारलं होतं. तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "सुमे, तुला कळायचंच नाही, व्हय गं? मग आम्ही ओरडायचो तेव्हा तुला काय वाटायचं?"

तिने जरा विचार केला. "मला वाटायचं, मोठी मानसं अशीच असत्यात. चांगली बोलता बोलता एकदम चिडत्यात."