स्टेजच्या पिना करणारा

ऑर्केस्ट्राचं स्टेज बांधायचा माझा धंदा होता. सांगाड्याचे पाइप जोडायच्या लोखंडी पिना मी बारामतीच्या एमआयडीसीतून आणायचो. तिथं नव्यानं आलेल्या सीएनसी मशीनवर निरवांगीकडचा एक माणूस एकटाच असायचा. मशीन माप चुकत नव्हतं, तरी प्रत्येक पीन तो तळहातावर फिरवून बघायचा आणि मगच द्यायचा.

"तुमच्या पिनांवरचं स्टेज बघायला तरी या," मी एकदा म्हणालो.

इंदापूरच्या कार्यक्रमाला तो खरंच आला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. पण गाणी सुरू झाली तरी हा स्टेजच्या मागं, पाइपाच्या जोडावर हात ठेवून उभा.

"अवो, पुढं बसा की!"

"पुढं वळखीचं कोणच न्हाय," तो म्हणाला. "हितं पिना तरी वळखीच्या हायत."

शेवटी निवेदकानं आभाराची चिठ्ठी मागितली. मंडपवाला, लाइटवाला, स्पीकरवाला, सगळ्यांची नावं मी भराभर लिहिली. त्याच्यापाशी पेन अडलं. तीन वर्षं पिना नेत होतो, नाव कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायची लाज वाटली, आणि चिठ्ठी तशीच वर दिली.