पुढे कोण होतं

“ऑफिसरला मागे उभं केलंय. माहिती नसली की असं होतं,” भिडेकाका शेजारच्या काकूंना हळूच म्हणाले. मला ऐकू आलं.

रविवार, सकाळचे साडेअकरा. शिशाचे जुने खेळण्यातले सैनिक जमवणाऱ्यांचा आमचा छोटा ग्रुप आहे. आधी खडकीची युद्ध-दफनभूमी पाहिली, मग काकांच्या हॉलमध्ये प्रत्येकाने आपापले सैनिक मांडले. माझे सहाच, सगळे जुन्या बाजारातले. एकाचं तुटलेलं डोकं मी काडेपेटीची काडी घालून बसवलंय. मी हिंजवडीत नोकरी करते, एवढंच तिथे माहीत होतं. त्याआधी पाच वर्षं मी आर्मीत, सिग्नल्समध्ये होते, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काकांनी माझा तलवारवाला ऑफिसर उचलून सगळ्यांत पुढे ठेवला. “अहो, ऑफिसर पुढे असतो. दोन पुस्तकं वाचा.”

मी त्याला चौथा ठेवला होता.

माझं शेवटचं पोस्टिंग बर्फात होतं. रोज सहाला लाइन टेस्ट, सातला रिपोर्ट. त्या दिवशी सव्वानऊला वरच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. नऊ चाळीसला मी लाइन पार्टी घेऊन निघाले. आम्ही सहा जण. उताराशी पोचल्यावर नाईक दिलीप म्हणाला, “मॅडम, लाइन म्याच टाकलीया. वाट मला ठाव हाय.”

मी “जा” म्हणाले. किंवा तो निघाला, आणि मग मी “जा” म्हणाले.

दहा वीसला उतारावरचा बर्फ सुटला. मी चौथी होते. रेडिओवर सांगितलं, “एक आदमी नीचे. ओव्हर.”

“कौन?”

नाव सांगायला मला किती वेळ लागला, आठवत नाही. बाकी सगळ्या वेळा पाठ आहेत. दीड वाजता तो सापडला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, माझ्या आदेशावरून पुढे गेला. साताऱ्याला त्याच्या आईला भेटले तेव्हा म्हणाले, स्वतःहून पुढे झाला. दोन्ही वेळा मला ते खरं वाटलं होतं. आर्मी सोडल्यावर एक एक करून हे सहा सैनिक घेतले. घरी टेबलावर उतार समजून मांडते. काही कळत नाही.

चहा आला. ट्रे ठेवायला काकूंनी काडीच्या मानेचा सैनिक उचलला. “हा तुटका कशाला गं रांगेत?”

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि पहिला ठेवला. ऑफिसरला परत चौथा केला. काका काही बोलणार होते.

“काका, मी आर्मीत होते,” मी म्हणाले. “हा नाईक दिलीप. हा पुढे होता, मी चौथी. मी पाठवलं की तो आपणहून गेला, मला अजून माहीत नाही.”